खेड्यातल्या मुलांनी नेटवर विज्ञान कुठे आणि कसं शोधावं?

वणी तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न असा आहे: "मुलगी नववीत आहे, मुलगा सातवीत. दोघंही मराठी माध्यमात. घरात स्मार्टफोन एकच आणि तो यांच्याजवळ असतो, त्यामुळे संध्याकाळी वावरातून आल्यावरच मुलांच्या हाती येतो. रेंज स्लॅबवर गेलं तरच मिळते. यूट्यूबवर 'सायन्स एक्सपेरिमेंट' टाकलं की कोल्ड्रिंकचे फवारे उडवणारे व्हिडिओ येतात, नाहीतर क्लासच्या जाहिराती. मुलांना विज्ञानाची खरंच आवड आहे. त्यांना नेमकं काय दाखवू?"

ताई, तुमच्या रेंजपासूनच सुरुवात करतो. साइटची यादी तुम्हाला कुणीही देईल, पण मुलांनी फोन हातात घेतल्यावर गोल फिरणारं चक्र बघत बसायचं असेल तर त्या यादीचा काय उपयोग? वणी, मारेगाव, झरी, वरोरा या पट्ट्यातल्या मुलांना मी बरीच वर्षं विज्ञान शिकवत आलो आहे. एवढं खात्रीने सांगतो, की साठवून ठेवलेल्या चार चांगल्या गोष्टी मुलं पुन्हा पुन्हा उघडतात आणि त्यांतून शिकतात. म्हणून बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेलात की जिथे रेंज चांगली असेल किंवा वायफाय मिळेल तिथे डाउनलोड उरकून घ्या. संध्याकाळचा वेळ पाहण्या-करण्यासाठी राहू द्या.

डाउनलोडची सुरुवात बालभारतीपासून करा. सगळ्या इयत्तांची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या साइटवर फुकट मिळतात. तुमच्या मुलीला दहावीचं विज्ञानाचं पुस्तक आत्ताच चाळावंसं वाटलं तर विकत घ्यायची गरज नाही. पुस्तकातला क्यूआर कोड शासनाच्या दीक्षा ॲपने स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव मिळतो, तो साठवूनही ठेवता येतो. दीक्षावरचं सगळंच साहित्य सारख्या दर्जाचं नाही. काही व्हिडिओत नुसतं पुस्तक वाचून दाखवलंय. असा व्हिडिओ लागला तर खुशाल सोडून द्या. बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतं. त्याचे जुने अंक नेटवर फुकट आहेत आणि सातवीच्या मुलाला ते वाचायला फार आवडतील.

दुसरी साइट अरविंद गुप्तांची, 'अरविंद गुप्ता टॉइज'. मला एकच साइट निवडायला सांगितलं तर मी हीच निवडेन. आयआयटी कानपूरमधून इंजिनिअर झालेल्या या माणसाने सत्तरच्या दशकात मध्य प्रदेशातल्या होशंगाबादला खेड्यातल्या शाळांसोबत काम केलं. तिथेच त्यांना आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांतून भूमितीचे आकार जोडायची कल्पना सुचली. पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत त्यांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांचे शेकडो छोटे व्हिडिओ केले. २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. साइटवर मराठी पुस्तकंही भरपूर आहेत, फुकट उतरवून घेता येतात. व्हिडिओ एक-दोन मिनिटांचे, त्यामुळे डेटाही फार जात नाही. पुष्कळ व्हिडिओ मराठीत आहेत, आणि आवाज बंद केला तरी हात काय करताहेत ते दिसतं.

त्यांतला एक प्रयोग तुमच्या दोघांनी मिळून करावा असा आहे: साधी विजेची मोटर. एक दीड व्होल्टचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याची लॅकर चढवलेली तार. वणीत शेतीपंपाच्या मोटरींचं बाइंडिंग करणारी दुकानं आहेत. तिथे मीटरभर तार कुणीही देतं. चुंबक बिघडलेल्या स्पीकरमधून निघतं. तारेचं वेटोळं करून दोन्ही टोकं पिनांच्या भोकांत अडकवायची. यातली मेख अशी, की एका टोकाचं लॅकर पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्या टोकाचं फक्त अर्ध्या बाजूचं. दोन्ही पूर्ण खरवडली तर वेटोळं थोडं हलतं आणि थबकतं. अर्धा फेरा करंट मिळावा आणि उरलेला अर्धा फेरा ते स्वतःच्या वेगाने फिरावं, म्हणून ही अर्धी बाजू ठेवायची. हे मुलांना सांगू नका. आधी दोन्ही टोकं पूर्ण खरवडू द्या, थांबू द्या, आणि का थांबलं यावर भाऊ-बहिणीला वाद घालू द्या. विहिरीवरची मोटर कशी फिरते हे यानंतर त्यांना वेगळं समजवावं लागणार नाही. फक्त सेल फार वेळ जोडून ठेवू नका, तार तापते.

मुलीला नववीत धाराविद्युत आहे. त्यासाठी फेट नावाची साइट पाहा. अमेरिकेतल्या कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये ती सुरू केली. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. फेटवर पडद्यावरच सर्किट जोडता येतं: बल्ब, सेल, तार, स्विच उचलायचे आणि जोडायचे. बऱ्याच सिम्युलेशनचं मराठी भाषांतर झालंय. महत्त्वाचं म्हणजे ही सिम्युलेशन एकदा उतरवून घेतली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. तिला एवढंच सांगा: दोन बल्ब एकामागोमाग जोड, मग समांतर जोड, आणि कुठे उजेड जास्त पडतो ते बघ. मग विचारा, आपल्या घरातला एक बल्ब उडाला तर बाकीचे का विझत नाहीत? सूत्रं पाठ करण्याआधी हे करून पाहिलं तर ओहमचा नियम तिला स्वतःला सापडल्यासारखा वाटेल. नववी ते बारावीच्या प्रयोगांसाठी ओलॅब्स ही भारतीय साइटही आहे. शाळेच्या प्रयोगशाळेचं कुलूप वर्षभर उघडलं नाही, तर तिचा मोठा आधार होतो. पण खरी वायर, खरा सेल हातात घेणं त्याने चुकवू नका.

आता शोधण्याबद्दल. इथे मला जरा थांबायचंय, कारण मुलांना तयार साइट देण्यापेक्षा हे शिकवणं जास्त टिकतं. 'सायन्स एक्सपेरिमेंट' हा शोध फार ढोबळ आहे, म्हणून उत्तरंही तशीच येतात. मुलांना स्वतःचा नेमका प्रश्न विचारू द्या, मराठीतच आणि बोलून. कीबोर्डवरचं माईकचं चिन्ह दाबलं की मराठीत बोललेलं टाइप होतं. लिहिताना अडखळणाऱ्या मुलाचाही प्रश्न यामुळे पूर्ण विचारला जातो.

उदाहरण म्हणून बुलढाण्याच्या लोणार सरोवराकडे वळू. जून २०२० मध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. 'लोणार सरोवर गुलाबी का झालं' असं शोधलं की पन्नास गोष्टी समोर येतात. काही ठिकाणी चमत्कार म्हटलंय, काही ठिकाणी शेवाळ, काही ठिकाणी प्रदूषण. मग मुलांना विचारा, पाणी नेऊन तपासलं कुणी? त्या दिशेने शोधलं की पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचं नाव सापडतं. तिथल्या तपासणीत हॅलोआर्किया नावाचे खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव आढळले, त्यांच्यातलं रंगद्रव्य गुलाबी. पाणी कमी होऊन खारटपणा वाढला की ते झपाट्याने वाढतात. 'कुणी तपासलं?' हा एक प्रश्न विचारायची सवय लागली, की निम्मा कचरा आपोआप बाजूला पडतो.

याच सरोवराचं वय शोधलं तर आणखी मजा आहे. बऱ्याच लेखांत ५२,००० वर्षं असं दिसतं. काही ठिकाणी ५,७०,००० वर्षं. दहापटीहून जास्त फरक! मुलं लगेच म्हणतात, एक साइट खोटी आहे. तसं नाही. दोन्ही आकडे शास्त्रज्ञांनीच काढलेत, दोन वेगळ्या पद्धतींनी. पहिला जुना आहे. दुसरा २०११ मध्ये आर्गॉन वायूच्या मोजमापातून आला. उल्का आदळली तेव्हा खडक वितळला आणि त्यातला आर्गॉन निघून गेला. खडक थिजल्यावर त्यातल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून पुन्हा आर्गॉन साठू लागला. आत्ता तो किती साठलाय ते मोजलं की किती काळ लोटला ते निघतं. म्हणजे नेटवरचा आकडा वाचताना दोन गोष्टी पाहायच्या: मोजमाप कधीचं आहे आणि कसं केलंय. तुमच्या मुलीला हा आर्गॉनचा मुद्दा समजेल, मुलाला कदाचित नाही. तरी आकडे बदलू शकतात आणि त्याला कारण असतं, हे सातवीतही कळतं.

आणि लोणारपर्यंतही जायला नको. तुमच्या शेजारी, वरोरा तालुक्यात पिसदुरा आहे. तिथे डायनोसॉरच्या काळातली अश्मीभूत विष्ठा सापडते. २००५ मध्ये त्यावरचं संशोधन प्रसिद्ध झालं, तेव्हा जगभर खळबळ उडाली, कारण त्या विष्ठेत गवताच्या सूक्ष्म खुणा होत्या. डायनोसॉरच्या काळात गवत होतं याचा असा भक्कम पुरावा तोवर मिळालेला नव्हता. गडचिरोलीत सिरोंच्याजवळ बारापासॉरस नावाच्या प्रचंड डायनोसॉरची हाडं निघाली, ती आज कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभी जोडलेली आहेत. आपल्या पाठ्यपुस्तकात हे क्वचितच येतं. 'चंद्रपूर डायनोसॉर', 'सिरोंचा जीवाश्म', 'पिसदुरा' असं मुलांना शोधू द्या. ज्या रस्त्याने मामाच्या गावाला जातो त्या रस्त्यावर हे सापडलंय, हे समजल्यावर मुलांची वाचायची भूक किती वाढते ते मी पाहिलंय.

शोधाच्या यादीतून निवडताना एक साधी खूण सांगतो. पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट इन, एसी डॉट इन किंवा आरईएस डॉट इन असेल तर ती शासनाची, विद्यापीठाची किंवा संशोधन संस्थेची साइट असते. तिथे आधी जायचं. मराठीत खोलवर वाचायला मराठी विश्वकोश आहे, वीस खंड फुकट. माहिती भारदस्त, पण भाषा मुलांना जड जाते आणि काही नोंदी जुन्या झाल्यात, त्यामुळे नववीच्या खालच्या मुलाला एकट्याला देऊ नका, सोबत बसा. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून मराठीतून विज्ञान पोचवण्याचं काम करते, तिची पत्रिका मुलीने जरूर वाचावी. मराठी विकिपीडियावरचे काही लेख छान आहेत, काही दोन ओळींचे. किविक्स नावाच्या ॲपने तो अख्खा फोनमध्ये उतरवता येतो, मग रेंज लागतच नाही. आयुकात शाळकरी मुलांसाठी महिन्यातल्या दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं होतात, मराठीतूनही. त्यांतली बरीच यूट्यूबवर सापडतात. ही थोडी लांब असतात, म्हणून आधी साठवून दोन-तीन बैठकांत पाहा.

इंग्रजीची भीती घालवायला मी मुलांना एक वही करायला सांगतो. पाठ्यपुस्तकातली मराठी संज्ञा डावीकडे, इंग्रजी उजवीकडे देवनागरीत आणि रोमनमध्येही. अकरावीला विज्ञान घेतलं की सगळं इंग्रजीत येतं आणि खेड्यातली हुशार मुलं तिथेच मागे पडतात. नववीपासून रोज दोन शब्द लिहिले तर दहावीच्या परीक्षेपर्यंत चांगला साठा होतो. शब्द अडला तर शासनाचे परिभाषा कोश नेटवर आहेत.

एआय चॅटबद्दलही लोक विचारतात. धड्यातला अवघड उतारा सोप्या भाषेत समजून घ्यायला ते चांगलं. पण आकडे, वर्षं, नावं ते चुकीचीही तितक्याच ठामपणे सांगतं. मुलांना म्हणा, लोणारचं वय त्यालाही विचारा, आणि कोणत्या मोजमापावरून सांगतोस तेही विचारा.

आता फोन खिशात ठेवून बाहेर जायची गोष्ट. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहोत, म्हणून वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. वणी भागात हा दिवस साधारण २१ मे, नागपूरला २६ मेच्या आसपास. दुसरा जुलैत येतो, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं. भारतीय खगोलशास्त्रीय संस्थेने आपल्या गावाची तारीख आणि वेळ सांगणारं ॲप केलंय, 'झीरो शॅडो डे' म्हणून शोधा. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, पोट्टे घरीच असतात. दुपारी १२ वाजून १० मिनिटांच्या सुमाराला एक मीटरची काठी ओळंब्याने सरळ उभी करा. त्याच दिवशी, तिथल्या सूर्य सर्वांत वर असण्याच्या वेळी, दिल्लीकडे नोकरीला असलेल्या मामा-काकांना तशीच एक मीटरची काठी लावून सावली मोजायला सांगा. ती १५ सेंटिमीटरच्या आसपास भरेल, म्हणजे साधारण साडेआठ अंशांचा कोन. वणी ते दिल्ली उत्तर-दक्षिण अंतर सुमारे ९५० किलोमीटर. साडेआठ अंशांना ९५० तर ३६० अंशांना किती? गणित सोडवलं की ४०,००० किलोमीटरच्या जवळ आकडा येतो, तोच पृथ्वीचा परीघ. एराटोस्थेनिस या ग्रीक विद्वानाने सुमारे २,२०० वर्षांपूर्वी हेच केलं होतं. एक फोन, दोन काठ्या आणि नातेवाईक एवढ्यावर पृथ्वी मोजता येते. ऊन कडक असेल, टोपी-पाण्याशिवाय उभं राहू देऊ नका, आणि सूर्याकडे थेट पाहायचं नाही.

झाडांसाठी सीझनवॉच हा उपक्रम आहे. एकच झाड निवडायचं, धुऱ्यावरचा पळस किंवा घरामागची चिंच, आणि दर आठवड्याला पानं, फुलं, फळं यांची नोंद करायची. देशभरातल्या नोंदींवरून झाडांचे ऋतू कसे बदलताहेत ते शास्त्रज्ञ पाहतात. तुमच्या मुलाची नोंदही त्यात जाते, ही काही लहान गोष्ट नाही. पक्ष्यांसाठी मर्लिन ॲप. आपल्या भागाचा संच एकदा उतरवला की आवाज ऐकवून नाव मिळतं, नेट लागत नाही. संच मोठा असतो, वायफायवरच घ्या. पावसाळ्यात घरात दामिनी ॲप असू द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने केलेलं हे ॲप जवळपास वीज पडत असली की इशारा देतं. वावरात काम करणाऱ्यांचा जीव त्याने वाचू शकतो, आणि सातवीतल्या स्थितिक विद्युतच्या धड्याला त्यासारखा जिवंत दाखला दुसरा नाही. घरात सुरक्षित बसून वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, वीज किती किलोमीटरवर पडली ते निघतं.

काही गोष्टी मात्र घरात होऊ देऊ नका. कीटकनाशकाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी प्रयोगाला नको. नेटवर 'बाटलीपासून कारंजं' पाहून मुलं घरात दिसेल ती बाटली उचलतात आणि आपल्याकडे फवारणीच्या दिवसांत त्या कोपऱ्याकोपऱ्यात असतात. घरातल्या २३० व्होल्टच्या बोर्डाला जोडायचा कुठलाही प्रयोग नाही. बॅटरीतलं आम्ल, फटाक्यांची दारू, फुटलेल्या सीएफएल यांना हात नाही. ज्या व्हिडिओत 'घरच्यांना सांगू नका' असं कुठल्याही थाटात म्हटलंय, तो चॅनलच बंद करा. आणि परीक्षेचा पेपर हमखास येईल म्हणून पैसे मागणाऱ्या ॲपला एकही रुपया देऊ नका. वर सांगितलेल्यांतलं बहुतेक सगळं फुकट आहे.

एक विनंती, ताई. संध्याकाळी फोन घरी येतो तेव्हाच चूल पेटते, भांडी असतात, आणि मुलगी त्यात अडकते. फोन मग सातवीतल्या भावाकडे जातो. बऱ्याच घरांत मी हे पाहिलंय. तिचा अर्धा तास ठरवून बाजूला काढा आणि त्या वेळी तिला हाक मारू नका.

शाळेतही बोलून पाहा. बहुतेक शाळांत एखादा संगणक किंवा प्रोजेक्टर धूळ खात पडलेला असतो. पेन ड्राइव्हवर फेटची सिम्युलेशन, अरविंद गुप्तांची पुस्तकं आणि किविक्समधला विकिपीडिया टाकून मुख्याध्यापकांना द्या, त्यांना नेटची अडचण सांगायला जागाच उरणार नाही. त्यांना इन्स्पायर मानक या योजनेबद्दलही विचारा. मुलांच्या स्वतःच्या कल्पनेला केंद्राच्या विज्ञान विभागाकडून १०,००० रुपये मिळतात, पण ऑनलाइन नोंदणी शाळेलाच करावी लागते आणि मुदत निघून गेल्यावर लक्षात येतं. यंदाची शेवटची तारीख त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या.